दुसरा आणि चौथा शनिवार

आदेश लिहिणारे साहेब बाहेरगावचे असावेत.
नाहीतर मे महिन्यात, नागपुरात,
दुपारी तीन ते सहा
कोण पोराला घराबाहेर काढायला सांगतं?

पहिली दोन वर्षं कोर्टातलीच खोली.
एक कान तुटलेला प्लास्टिकचा जिराफ
आणि रजिस्टर: सुमेध, वय सात,
दिला तीन वाजून पाच, परत पाच पंचावन्न. सही.
तू जिराफाला विचारायचास,
"तुझी तारीख कधी?"

मग बाहेर भेटायची परवानगी.
सेमिनरी हिल्सची छोटी आगगाडी, तिचा कंटाळा येईस्तोवर.
फुटाळ्यावर तिखट-लिंबाचं कणीस,
तू एकेक दाणा मोजून खायचास,
म्हणजे वेळ पुरतो.
मेट्रो आली तेव्हा दोघंही वाचलो.
सीताबर्डीहून खापरी, खापरीहून सीताबर्डी,
थंड डब्यात समोरासमोर
कुठेच उतरायचं नसलेली दोन माणसं.

अजनी चौकाच्या आसपास एकदा विचारलंस,
"तुम्ही आईला पैसे देता,
ते मला भेटायचे असतात का?"
मी म्हणालो, नाही, त्याचा कागद वेगळा आहे.
दार उघडलं, झळ आत आली.

परवा वाघाडे वकिलांनी कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं.
"सुटलात की हो! एकोणीसला पोरगं अठराचं.
पोटगी बंद. भेटीचा आदेशही संपला.
आता येईल न येईल, त्याची मर्जी."
एका खुंटीवरचे दोन सदरे
एकदमच काढले त्यांनी.

रात्री हिशेब मांडला. कॅशियरचा हात, राहवत नाही.
अकरा वर्षं, महिन्यातून दोनदा, तीन-तीन तास:
सातशे ब्याण्णव. म्हणजे तेहतीस दिवस.
त्यातून कांजिण्या, दहावी, लॉकडाऊन वजा.
तुझ्या आईने एकही शनिवार मुद्दाम बुडवला नाही,
हे मी कोर्टात सांगितलं नाही.
कोणी विचारलं नाही, असं म्हणता येईल.
मी दोन हप्ते चुकवले,
एक स्कूटरच्या इंजिनपायी,
एक रागाने.
नंतर भरले दोन्ही. व्याज तिने मागितलं नाही.

आमच्याच शाखेत, शेजारच्या टेबलावर,
नवीन लागलेली पोरगी म्हणाली,
"सर, पाच तारखेचं हे ट्रान्सफर या महिन्यात आपोआप बंद होतंय.
चालू ठेवायचं? कधीपर्यंत?"
"इंजिनिअरिंग चार वर्षांचं ना?"
"नापास नाही झाला तर."
"मग पाच लिही."

चौथा शनिवार. आदेश नसलेला पहिला.
मी पावणेतीनलाच सीताबर्डीच्या फलाटावर.
तीन. तीन वीस. तीन चाळीस.
अकरा वर्षांत तुला उशीर असा झालाच नव्हता,
आदेशात उशीर बसत नसे.
फोन केला नाही.
कुठल्या कलमाखाली करायचा?

पावणेचारला आलास, डोक्याला दुपट्टा गुंडाळून.
"काहून इतक्या लवकर येऊन बसता जी तुम्ही?
माझी झोप लागली होती."
झोप लागली होती.
हे मी खापरीपर्यंत जपून नेलं.

पैशांचं सांगितलं.
"माझ्या खात्यात नका टाकू. आईच्याच टाका.
मी उडवीन."

सहाला दोघांनीही घड्याळ पाहिलं.
तू उठलास, सवयीने.
मग पुन्हा बसलास,
बांधलेली नाडी सोडून परत बांधू लागलास,
आणि मान वर न करता म्हणालास,
"पुढच्या शनिवारी नाही जमणार हं, बाबा."

पुढचा शनिवार आपला कधीच नव्हता.
त्या दिवशी माझी बँक असते.
"बरं," म्हणालो मी.